रोडेलच्या भिंतीतले गलबत

हॅरिस बेटाच्या अगदी दक्षिण टोकाला रोडेल आहे. थोडी घरे, एक लहानसे बंदर आणि उघड्या खडकावर उभे असलेले, चौकोनी मनोऱ्याचे, करड्या दगडाचे सेंट क्लेमंट चर्च. या चर्चच्या दक्षिण भिंतीत एक थडगे आहे. विल्यमचा मुलगा अलेक्झांडर मॅक्लाउड, डनव्हेगनचा धनी, याने ते इसवी सन १५२८ मध्ये करवून घेतले, असे त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे. अलेक्झांडर वारला १५४७च्या सुमारास. जवळजवळ वीस वर्षे तो इथे प्रार्थनेला आला की भिंतीत चिलखत घालून निजलेला दगडी अलेक्झांडर त्याच्यासमोर असणार.

स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांतल्या मध्ययुगीन कुळप्रमुखांबद्दल आपल्यापर्यंत जे येते, ते बहुतेक शत्रूंच्या तक्रारींतून, राजाच्या सनदांतून किंवा भाटांच्या स्तुतीतून. आपल्यामागे काय उरावे हे स्वतः ठरवून दगडात कोरून घेतलेला प्रमुख विरळाच. म्हणून आम्ही स्कॉटलंडला जायचे ठरवले, तेव्हा एडिंबरो आणि लॉख नेस मागे टाकून रोडेल गाठायचे हे माझ्या मनात पक्के होते.

आधी मात्र त्याचे घर पाहायला हवे होते. ते स्काय बेटावर, डनव्हेगनला.

डनव्हेगनचा किल्ला समुद्राच्या एका लांब फाट्याच्या काठी, खडकावर बसला आहे. आज मोटारीने येणारा माणूस बागेतून चालत पुढच्या भव्य दरवाजाशी पोचतो आणि हाच किल्ल्याचा दर्शनी भाग असे समजतो. तो दरवाजा १७४८चा. त्याआधी किल्ल्यात शिरायला एकच वाट होती, पाण्याच्या बाजूचा समुद्रदरवाजा. खडकात वर चढत जाणारी ती अरुंद वाट अजून दिसते. तिथे उभे राहिल्यावर किल्ल्याची पाठ कोणती आणि तोंड कोणते, हे उलगडते. मॅक्लाउडांच्या घरी येणारा पाहुणा, शत्रू, धान्य, दारू, बातमी, सगळे होडीतून यायचे. या प्रदेशाच्या नकाशाकडे आपण जमिनीवरून पाहतो तेव्हा ती बेटे तुटक, एकाकी वाटतात. त्यांच्या प्रमुखांना ती तशी कधीच वाटली नसतील. त्यांचा हमरस्ता पाण्यातून जात होता.

अलेक्झांडरचे गेलिक नाव अलस्टर, आणि लोक त्याला अलस्टर क्रोताख म्हणत, म्हणजे कुबडा अलस्टर. तरुणपणी क्लॅनरॅनल्डच्या मॅक्डोनाल्डांशी झालेल्या चकमकीत खांद्यांच्या मध्ये कुऱ्हाडीचा घाव बसला आणि पाठ कायमची वाकली, असे परंपरा सांगते. तो मॅक्लाउड कुळाचा आठवा प्रमुख. कुळाचा मूळपुरुष लिओड तेराव्या शतकातला, नॉर्स आणि गेलिक रक्ताचा. ही बेटे नॉर्वेच्या राजाने स्कॉटलंडला दिली ती १२६६ मध्ये, आणि त्यानंतरही इथे खरा अंमल चालला तो मॅक्डोनाल्ड घराण्यातल्या 'बेटांच्या अधिपतीं'चा. अलस्टरचा बाप विल्यम या अधिपतींच्याच घरातल्या बापलेकांच्या भांडणात, ब्लडी बे या आरमारी लढाईत पडला. पुढे १४९३ मध्ये राजा चौथ्या जेम्सने अधिपतींची सत्ताच खालसा केली. ज्याच्या छायेखाली सगळी कुळे वाढली ते झाड तोडले गेले, आणि अलस्टरसारख्या प्रमुखांना एकाएकी थेट एडिंबरोच्या राजाशी व्यवहार करणे भाग पडले.

तो व्यवहार कसा होता हे १५ जून १४९८च्या सनदेत दिसते. राजाने अलस्टरला हॅरिस आणि स्कायवरच्या जमिनी पक्क्या करून दिल्या. त्या बदल्यात अलस्टरने २६ वल्ह्यांचे एक गलबत आणि १६ वल्ह्यांची दोन गलबते राजाच्या सेवेसाठी सदैव सज्ज ठेवायची, शांततेत आणि युद्धातही. शिवाय त्या जमिनींवरच्या ससाण्यांच्या घरट्यांवर हक्क राजाचा. सनदेतली ही कलमे मला फार बोलकी वाटतात. राजाला या बेटांतून धान्य फारसे मिळणार नव्हते. तिथली माती पातळ, आणि जी आहे ती दलदलीची. हवी होती ती वल्हवणारी माणसे आणि शिकारी पक्षी. एकूण ५८ वल्ही. पुढे सरकारने या गलबतांची मोजदाद केली, तेव्हा युद्धात एका वल्ह्यामागे तीन माणसे असा हिशेब धरला होता. तो लावला तर पावणेदोनशे माणसे केवळ राजासाठी राखून ठेवलेली.

त्याच वर्षी ट्रॉटर्निश, म्हणजे स्कायचा उत्तरेकडचा सुपीक भाग, तिथल्या कारभाराचे पद राजाने अलस्टरला दिले आणि त्याचा लुइस बेटावरचा भाऊबंद टॉर्किल मॅक्लाउड यालाही दिले. त्या जमिनीवर स्लेटच्या मॅक्डोनाल्डांचाही दावा होताच. एकाच वतनाचे तीन दावेदार, आणि त्यातल्या दोघांच्या हातात एकाच राजाची मोहोर. अलस्टरच्या उरलेल्या पन्नास वर्षांतले बरेचसे रक्त या ट्रॉटर्निशच्या जमिनीपायी सांडले. बेटांतल्या या लढायांना इंग्रजीतून लिहिणाऱ्यांनी फार काळ 'रानटी टोळ्यांची भांडणे' म्हटले. सनदा वाचल्यावर मला ते मान्य करवत नाही. भांडणाचा अर्धा दारूगोळा दरबारातून आला होता.

किल्ल्याच्या एका कोपऱ्यातला बुरूज, फेअरी टॉवर, अलस्टरने बांधला, साधारण १५०० साली. आत दिवाणखान्यात काचेमागे तो प्रसिद्ध परीध्वज आहे. जीर्ण, पिवळट तपकिरी रेशीम, जागोजाग रफू केलेले. संकटात तो फडकावला की परीलोकातून मदत येते अशी मॅक्लाउडांची श्रद्धा. रेशीम पूर्वेकडचे असावे असे तज्ज्ञ म्हणतात. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले, पण मन रमले ते बुरुजाच्या जाड भिंतीत. याच बुरुजातल्या खोलीत सप्टेंबर १७७३ मध्ये डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन मुक्कामाला होता. त्या वेळी यजमान होता एकोणीस वर्षांचा, आजोबांच्या कर्जाचा डोंगर डोक्यावर घेऊन नुकताच गादीवर आलेला नॉर्मन मॅक्लाउड. या नॉर्मनकडे पुन्हा यायचे आहे.

किल्ल्यातून बाहेर पडल्यावर पश्चिमेकडे दोन सपाट माथ्याचे डोंगर दिसतात. हेलव्हल मोर आणि हेलव्हल बेग. लोक त्यांना मॅक्लाउडची टेबले म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की अलस्टर एडिंबरोला हॉलिरूडच्या राजवाड्यात मेजवानीला गेला होता. एका सखल प्रदेशातल्या सरदाराने छताकडे, लांबलचक मेजाकडे, चांदीच्या दीपदानांकडे बोट दाखवून विचारले, असे काही तुमच्या बेटांवर आहे का? अलस्टर म्हणाला, माझे दालन याहून मोठे, माझे मेज याहून विशाल आणि माझी दीपदाने याहून मोलाची आहेत. पुढे तो सरदार स्कायला आला, तेव्हा अलस्टरने त्याला डोंगरमाथ्यावर नेले. पठारावर पंगत मांडलेली, वर ताऱ्यांनी भरलेले आकाश, आणि सभोवती हातात मशाली घेऊन उभी असलेली कुळाची माणसे. माझी दीपदाने ही, असे तो म्हणाला म्हणतात.

गोष्ट खरी की रचलेली हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ती सांगणाऱ्या लोकांना आपला प्रमुख कशामुळे मोठा वाटत होता हे तिच्यातून कळते. जमीन कुळाची, प्रमुख तिचा राखणदार. आणि त्याचे धन म्हणजे हाकेला उभी राहणारी माणसे. त्याच भावनेतून दुसरी परंपराही आली आहे, की समुद्रफाट्यापलीकडच्या बोररेगची जमीन मॅक्‌क्रिमन घराण्याला देऊन बॅगपाइपची विद्या अलस्टरने कुळात रुजवली. पिढ्यान्‌पिढ्या वादकांचे हे घराणे त्या जमिनीवर शिकत आणि शिकवत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रॉटर्निशमधल्या ऊइग बंदरातून फेरी धरली. हॅरिसवरच्या टार्बर्टला पोचायला पावणेदोन तास लागतात. वाटेत लिटल मिंच नावाची सामुद्रधुनी. त्या दिवशी वारा बेताचा होता, तरी लाट तिरकी येत होती, आणि मोटारी पोटात घेतलेली ती लोखंडी बोटसुद्धा सावकाश झुलत होती. डेकवर एक वयस्क हॅरिसवासी भेटला. मी रोडेलला चालले आहे असे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याची आई चर्चला त्याच्या गेलिक नावाने, तूर ख्लियाव्हन म्हणूनच ओळखत होती, असे तो म्हणाला. मग बोट दाखवून त्याने एकेक टोक, एकेक बेट मला नावानिशी सांगितले. हे पाणी त्याला गल्लीबोळासारखे पाठ होते.

या पाण्यावर अलस्टरने आयुष्यभर ये-जा केली, आणि बाजूही बदलल्या. खालसा झालेल्या अधिपतींचा वंशज डॉनल्ड डूव याच्या नावाने बेटांत उठाव होत राहिले. अलस्टर कधी राजाकडे, कधी बंडाकडे. १५४० मध्ये राजा पाचवा जेम्स स्वतः आरमार घेऊन बेटांना वळसा घालायला निघाला. लुइसचा प्रमुख राजाच्या जहाजावर चढवला गेला, आणि मग स्कायच्या पश्चिम किनाऱ्यावर म्हातारा अलस्टरही. तो पाहुणा म्हणून नव्हे, ओलीस म्हणून. राजाची जहाजे तोफांची होती. पाच वर्षांनी, १५४५ मध्ये, डॉनल्ड डूव शेवटचा उठला, तेव्हा बेटांच्या प्रमुखांच्या मंडळात डनव्हेगनचा अलेक्झांडर मॅक्लाउडही होता. १८० गलबते आणि ४,००० माणसे आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरली, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीशी करार करून स्कॉटलंडच्या राजसत्तेविरुद्ध लढायला. त्याच वर्षी डॉनल्ड डूव आयर्लंडमध्ये तापाने गेला आणि सगळे विरले.

याला बेइमानी म्हणणे सोपे आहे. मला दिसतो तो पन्नास वर्षे एका लहान देशाला दोन मोठ्या सत्तांच्या मधून वल्हवत नेणारा माणूस. त्याच्या काळात कितीतरी प्रमुख फासावर गेले, बाणांनी पडले, परागंदा झाले. हा अंथरुणात वारला, आणि त्याची जमीन त्याच्या मुलाकडे गेली.

टार्बर्टहून रोडेलला दोन रस्त्यांनी जाता येते. पश्चिमेचा रस्ता लस्केंटायरच्या पांढऱ्या वाळूच्या कडेने जातो. पूर्वेचा, खडकांच्या आणि तळ्यांच्या गुंत्यातून. आम्ही जाताना पूर्वेचा घेतला. एकेरी रस्ता, समोरून गाडी आली की एकाने ठरावीक रुंद जागी थांबायचे, आणि दुसऱ्याने हात उंचावून आभार मानत पुढे जायचे. दोन्ही बाजूंना नीस दगड, पृथ्वीवरच्या अतिप्राचीन खडकांपैकी एक, सुमारे तीन अब्ज वर्षांचा. मातीचे नावच नाही. काही ठिकाणी खडकांच्या फटींत शेवाळ आणि समुद्रवनस्पती वाहून नेऊन माणसांनी हातभर रुंदीचे वाफे तयार केले होते. त्यांच्या रेघा अजून उतारांवर दिसतात. ती माणसे इथे राहायला आली ती पुढच्या काळात, पश्चिमेकडची चांगली जमीन मेंढ्यांसाठी मोकळी करून जमीनदारांनी त्यांना इकडे लोटले तेव्हा. त्या जमीनदारांच्या आधीचे मालक मॅक्लाउड प्रमुखच. प्रमुख आणि कुळ यांच्यातला धागा कुठे तुटला याची खूण मला त्या वाफ्यांत दिसली.

चर्चला कुलूप नव्हते. दार ढकलले आणि थंड, ओलसर दगडाचा वास आला. आत बाके नाहीत, वेदी नाही. डोळे अंधाराला सरावले आणि उजव्या हाताच्या भिंतीत ती कमान दिसली.

मी फोटो पाहिले होते. फोटोंत त्या दगडाचे वजन येत नाही. काळसर दगडातला योद्धा उताणा निजला आहे. डोक्याला टोकदार शिरस्त्राण, अंगावर चिलखत, दोन्ही हातांत छातीपासून खाली गेलेली लांब तलवार. मूर्तीला कुबड नाही. पाठ सरळ टेकलेली आहे. त्याच्यावर कमानीत देवपिता, त्याच्या पुढ्यात क्रुसावरचा ख्रिस्त, बाजूंना प्रेषित आणि धूपदाने हलवणारे देवदूत. मागच्या भिंतीवर उठावातले चौकोन. मधोमध बाळाला घेतलेली मेरी, शेजारी धर्मगुरूच्या वेषातले संत. एका चौकोनात सेंट मायकेल आत्म्यांचे वजन करतो आहे, आणि समोर सैतान तराजूपाशी तयारीत. एका चौकोनात शिकार: माणसे, साखळीतले कुत्रे, आणि पळणारी हरणे. एकात किल्ला, बुरूज आणि तटासह. आणि एकात गलबत.

मी त्या गलबतापाशी थांबले ती थांबलेच. नाळ आणि मागचा भाग दोन्ही उंच वळलेले, मधोमध डोलकाठी, तिला चौकोनी शीड, बाजूला वल्ह्यांच्या भोकांची ओळ, आणि मागे नीट कोरलेले सुकाणू. व्हायकिंगांच्या जहाजांना सुकाणू एका बाजूला असे. इथे ते मागच्या टोकाला बसवलेले आहे. कारागिराने दोर आणि कड्याही सोडल्या नाहीत. ज्याने हे कोरले त्याने अशा बोटीत बसून पाहिले होते, हे नक्की. या प्रदेशातली एकही जुनी बिर्लिन, म्हणजे त्या काळचे वल्ह्यांचे गलबत, शाबूत राहिलेली नाही. म्हणून १९९१ मध्ये काही जणांनी तशी बोट पुन्हा बांधायची ठरवली, तेव्हा या थडग्यावरच्या चौकोनाचा आधार घेतला. एलाख नावाची ती १६ वल्ह्यांची बोट आयर्लंडहून या बेटांपर्यंत वल्हवत आणि शिडावर आली. चारशे साठ वर्षांपूर्वी कोरलेल्या दगडावरून बांधलेली नाव समुद्रात तरली.

लोकांनी अलस्टरला डोंगर दिला, टेबल दिले, मशाली दिल्या. त्याने स्वतःसाठी निवडले किल्ला, शिकार आणि गलबत. सनदेतल्या २६ वल्ह्यांकडे मी पुन्हा या चौकोनातून पाहिले, आणि वाटले की राजाने जी चाकरी म्हणून लिहून घेतली, तीच त्याने आपली शान म्हणून कोरून घेतली.

थडगे इथे का, हाही प्रश्न आहे. त्याच्या बापापर्यंतचे मॅक्लाउड प्रमुख आयोनाला पुरले जात, त्या पवित्र बेटावर, जिथे राजे आणि बेटांचे अधिपती निजले आहेत. अलस्टरने ती प्रथा मोडली. अधिपती उरले नव्हते. आता मॅक्लाउडांचे मोठेपण दुसऱ्याच्या अंगणात नव्हे, स्वतःच्या बेटावर, स्वतःच्या बंदराच्या तोंडाशी उभे राहायला हवे, असे त्याला वाटले असावे. रोडेलचा मनोरा दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक बोटीला लांबूनच दिसतो. अलस्टरच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, १५६० मध्ये, स्कॉटलंड प्रोटेस्टंट झाला. देशभर मेरीच्या आणि संतांच्या मूर्ती फुटल्या. रोडेल इतके दूर की मेरी आणि तिचे बाळ आजही तिथे आहेत.

मुलगा विल्यम अलस्टरनंतर थोडीच वर्षे जगला. त्याचेही थडगे याच चर्चमध्ये आहे. त्याच्यामागे एकच मुलगी, मेरी, आणि तिच्या वारशावरून भाऊबंदकी पेटली. १६१६ मध्ये सरकारने प्रत्येक मोठ्या प्रमुखाला एकच बिर्लिन ठेवायची मुभा दिली, जास्तीत जास्त १८ वल्ह्यांची. अलस्टरच्या सनदेतली २६ वल्ही आता गुन्हा ठरली. चर्च ओस पडले, छत कोसळले.

ते पुन्हा उभे केले १७८४ मध्ये कॅप्टन अलेक्झांडर मॅक्लाउडने. तो बेर्नेरे बेटाचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या 'मॅन्सफिल्ड' जहाजाचा कप्तान. भारताच्या व्यापारावर कमावलेल्या पैशातून त्याने १७७९ मध्ये सगळे हॅरिस विकत घेतले, रोडेलचे बंदर बांधले, मासेमारी सुरू केली. दुरुस्तीनंतर चर्चला आग लागली; त्याने ते पुन्हा बांधले. अलस्टरच्या डोक्यावर पुन्हा चढलेले ते छप्पर शेवटी आपल्याच किनाऱ्यांवरच्या व्यापारातून आले.

आणि हॅरिस विकले कोणी? डनव्हेगनच्या त्याच नॉर्मन मॅक्लाउडने, कुळाच्या तेविसाव्या प्रमुखाने. कर्जाने गळ्यापर्यंत आलेला हा तरुण लष्करात गेला, अमेरिकेत लढला, आणि १७८२ मध्ये हायलँड पलटण घेऊन मुंबईला उतरला. मलबारात पोन्नानीजवळ त्याने टिपूच्या हल्ल्याला तोंड दिले. पुढच्या वर्षी वरिष्ठाविरुद्ध तक्रार घेऊन तो मुंबईला गेला, बढती मिळवून 'रेंजर' नावाच्या जहाजातून दक्षिणेकडे परत निघाला, आणि ८ एप्रिल १७८३ रोजी विजयदुर्गासमोर मराठ्यांच्या आरमाराने त्या जहाजाला गाठले. सुभेदार आनंदराव धुळपांचे आरमार. सालबाईचा तह होऊन गेला होता, म्हणून इंग्रजांनी या लढाईला तहभंग म्हटले. मराठी इतिहासात ती धुळपांचा पराक्रम म्हणून नोंदली गेली. 'रेंजर'वर जखमी न होता सुटलेले फारसे कोणी नव्हते. नॉर्मनबरोबरचा मेजर शॉ ठार झाला, कर्नल हंबरस्टन जखमांनी विजयदुर्गातच वारला. नॉर्मनला गोळी लागली, पण तो वाचला, आणि त्यालाही किल्ल्यात नेण्यात आले.

'रेंजर'ला घेरणाऱ्यांत मोठी जहाजे होती, आणि त्यांच्याबरोबर वल्ह्यांची गलबतेही.